क्वचित चालणाऱ्या वाटेची परीक्षा
फाइल-व्यवस्थेतील ‘कॉपी-ऑन-राइट’ आणि दोषशोधनाची साधने

विषयप्रवेश

संगणकात साठविलेली माहिती दोन प्रकारांनी नष्ट होते. पहिला प्रकार उघड असतो. डिस्क बिघडते, यंत्र बंद पडते, आणि माहिती गेली हे मालकास तत्काळ कळते. दुसरा प्रकार मूक असतो. यंत्र सुरळीत चालत असते, फाइल उघडते, तिचे नाव, आकार आणि तारीख ही सर्व बरोबर असतात. परंतु आतील मजकुराचा एखादा भाग कोरा झालेला असतो, किंवा त्या जागी दुसऱ्याच फाइलीतील मजकूर आलेला असतो. ही गोष्ट पुष्कळदा फार उशिरा ध्यानात येते, आणि तोपर्यंत जपून ठेवलेल्या प्रतींतही तोच दोष उतरलेला असतो. रुग्णालयातील नोंदी, भूमापनाचे नकाशे, प्रयोगशाळेतील मोजमापे ह्यांच्या बाबतीत हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक भयावह होय.

ह्या मूक नाशामागे कित्येकदा डिस्कचा काही दोष नसतो. माहिती कोठे व कशी ठेवावी हे ठरविणाऱ्या आज्ञावलीत एखादी चूक राहून गेलेली असते. अशी चूक आज्ञावलीच्या नित्य चालणाऱ्या भागात असेल, तर ती लवकर उघडकीस येते. जो भाग क्वचितच चालतो, त्यातील चूक मात्र वर्षानुवर्षे दडून राहू शकते. ज्या वाटेने कोणी जात नाही, तिच्यावरील खड्डे कोणास दिसत नाहीत. प्रस्तुत पाठात अशाच एका वाटेचा विचार केला आहे. त्या वाटेचे नाव ‘कॉपी-ऑन-राइट’, म्हणजे ‘लिहिताना नक्कल’, असे आहे. तिच्यावरील खड्डे शोधण्याकरिता संगणक-अभियंते कोणती साधने योजतात, आणि ती योजताना कोणती पथ्ये पाळावी लागतात, हे येथे क्रमाने पाहावयाचे आहे.

फाइल-व्यवस्था म्हणजे काय?

डिस्कवरील जागा सारख्या आकाराच्या लहान भागांत विभागलेली असते. अशा एका भागास ब्लॉक म्हणतात. ४०९६ बाइटांचा ब्लॉक हा आज सर्वत्र प्रचलित असलेला आकार होय. एक लहानसे पत्र एका ब्लॉकात मावते. एखाद्या चित्रपटास मात्र लक्षावधी ब्लॉक लागतात, आणि ते सगळे एकापुढे एक असतीलच असे नाही. कोणती फाइल कोणकोणत्या ब्लॉकांत, कोणत्या क्रमाने ठेवली आहे ह्याची यादी राखावी लागते. ह्या यादीस फाइलीचा नकाशा म्हणता येईल. नकाशे राखणे, मोकळ्या ब्लॉकांचा हिशेब ठेवणे आणि वीज अकस्मात गेली तरी हा हिशेब बिघडू न देणे, ही फाइल-व्यवस्थेची कामे होत.

सार्वजनिक ग्रंथालयातील नोंदपत्रांशी ह्या नकाशांची तुलना करता येईल. एकाच ग्रंथाची दोन नोंदपत्रे असू शकतात, एक लेखकाच्या नावाने आणि दुसरे विषयाच्या नावाने. ग्रंथ एकच असतो. त्याच्याकडे नेणारी पत्रे मात्र दोन असतात. फाइल-व्यवस्थेतही दोन फाइलींचे नकाशे एकाच ब्लॉकाकडे बोट दाखवू शकतात. एखाद्या मोठ्या फाइलीची प्रत करावयाची झाल्यास सगळे ब्लॉक पुन्हा लिहिण्याची आवश्यकता नसते. नवा नकाशा करून त्यात जुन्याच ब्लॉकांचे क्रमांक लिहिले म्हणजे काम भागते. प्रत क्षणार्धात तयार होते, आणि जागाही जवळजवळ लागत नाही.

जागच्या जागी लेखन आणि नकलेवर लेखन

अडचण पुढे येते. दोन फाइली एकाच ब्लॉकाच्या वाटेकरी आहेत, आणि त्यांपैकी एकीच्या मालकाने त्या ब्लॉकातील मजकूर बदलला. नवा मजकूर जुन्या ब्लॉकावरच लिहिला, तर दुसऱ्या मालकाची फाइल त्याच्या नकळत बदलेल. दोघांपैकी प्रत्येकास आपली फाइल स्वतंत्र आहे असे वाटत असते, आणि तसे वाटण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. म्हणून व्यवस्था अशा वेळी नवा मोकळा ब्लॉक घेते, त्यात बदललेला मजकूर लिहिते, आणि ज्याने बदल केला त्याच्या नकाशात जुन्या क्रमांकाच्या जागी नवा क्रमांक घालते. दुसऱ्याचा नकाशा आणि जुना ब्लॉक तसेच राहतात. नक्कल प्रत घेण्याच्या वेळी न करता लिहिण्याच्या वेळी, आणि तीही बदललेल्या भागापुरतीच, होते. ‘लिहिताना नक्कल’ हे नाव ह्यावरूनच पडले.

ही कल्पना प्रथम संगणकाच्या स्मृतीकरिता वापरली गेली. अमेरिकेतील बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन ह्या संस्थेने पीडीपी-१० यंत्राकरिता केलेल्या टेनेक्स ह्या प्रणालीत ती होती, आणि १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात तिचे वर्णन आलेले आहे. डिस्कवरील फाइलींकरिता तिचा व्यापक उपयोग पुढे सुरू झाला. डेव्हिड हिट्झ, जेम्स लाऊ आणि मायकेल माल्कम ह्यांनी १९९४ साली ‘वॅफल’ ह्या फाइल-व्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने झेडएफएस ही व्यवस्था निर्माण केली आणि २००५ साली तिची आज्ञावली सर्वांस खुली केली. ख्रिस मेसन ह्यांनी ओरॅकल कंपनीत २००७ साली आरंभिलेली बीटीआरएफएस ही व्यवस्था २००९ साली लिनक्समध्ये समाविष्ट झाली. ह्या तिन्ही व्यवस्थांत नव्या जागी लिहिणे हाच नित्याचा मार्ग आहे.

एक्सएफएस ह्या व्यवस्थेची गोष्ट निराळी आहे. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९३ साली तिच्या रचनेस आरंभ केला, तेव्हा तीत जागच्या जागी लिहिण्याचीच पद्धत होती. ब्लॉक वाटून घेण्याची व लिहिताना नक्कल करण्याची सोय तीत पुष्कळ नंतर, डिसेंबर २०१६ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या ४.९ ह्या आवृत्तीत आली. हे काम मुख्यतः डॅरिक वाँग ह्यांनी केले. त्यामुळे एक्सएफएसमध्ये आजही दोन वाटा आहेत. ब्लॉकाचा धनी एकच असेल तर जागच्या जागी लेखन. वाटेकरी असतील तरच नक्कल. पहिली वाट राजमार्ग आहे. दुसरी आडवाट आहे, आणि दोष दडण्यास आडवाटच सोयीची असते.

आडवाटेवरील पाच पावले

नक्कल करून लिहिण्याचे काम एका पावलात होत नाही. थोडक्यात सांगावयाचे तर त्यात पुढील पाच पावले आहेत.

१. ज्या ब्लॉकावर लिहावयाचे आहे त्यास वाटेकरी आहेत काय, हे पाहणे.
२. असल्यास नव्या मोकळ्या जागेची तजवीज करणे.
३. नव्या जागी मजकूर लिहिणे. ब्लॉकाचा काही भागच बदलावयाचा असेल, तर उरलेला भाग जुन्या ब्लॉकातून आधी वाचून घेणे.
४. मजकूर नव्या जागी पोहोचल्यानंतरच फाइलीच्या नकाशात जुन्या क्रमांकाऐवजी नवा क्रमांक लिहिणे.
५. जुन्या ब्लॉकाच्या वाटेकऱ्यांची संख्या एकाने कमी करणे, आणि कोणीच उरले नसल्यास तो मोकळ्या ब्लॉकांत जमा करणे.

वाटेकऱ्यांची संख्या एका स्वतंत्र नोंदवहीत ठेवलेली असते. एक्सएफएसमधील ह्या वहीतील प्रत्येक नोंदीत तीन आकडे असतात: कोणत्या ब्लॉकापासून, किती ब्लॉक, आणि वाटेकरी किती. एकच धनी असलेल्या सामान्य ब्लॉकांची नोंद ह्या वहीत केली जात नाही, कारण तशी नोंद केली तर वही निष्कारण फुगेल. नकलेकरिता घेतलेली, पण अद्याप कोणाच्याही नकाशात न आलेली जागा मात्र तीत मुद्दाम टिपून ठेवतात. मध्येच वीज गेल्यास ही जागा बेवारशी आहे हे त्यावरून कळते, आणि पुढील वेळी फाइल-व्यवस्था जोडताना ती परत मिळविता येते.

आता प्रत्येक पावलावर काय चुकू शकते ते पाहावे. पहिल्या पावलात वाटेकरी असताना ‘नाही’ असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्याच्या फाइलीवर लेखन होईल. तिसऱ्याच्या आधी चौथे पाऊल पडले आणि त्याच क्षणी वीज गेली, तर नकाशा अशा जागेकडे बोट दाखवील, जेथे पूर्वीचा कसला तरी टाकाऊ मजकूर पडलेला आहे. पाचवे पाऊल राहून गेले, तर जागा वाया जाईल. एवढे नुकसान सोसता येण्यासारखे आहे. पाचवे पाऊल दोनदा पडले, तर मात्र अनर्थ होईल. वाटेकऱ्यांची संख्या प्रत्यक्षाहून कमी दिसेल, वापरात असलेला ब्लॉक मोकळा समजला जाईल, आणि तो तिसऱ्याच फाइलीस दिला जाईल. ज्या मालकाने त्या दिवशी संगणकास हातही लावला नव्हता, त्याची फाइल अशा रीतीने बिघडू शकते.

दोष का लपतात?

असा दोष सामान्य चाचण्यांत दिसत नाही, ह्याचे कारण पहिल्या पावलातच आहे. चाचणीच्या आज्ञावल्या सहस्रावधी फाइली निर्माण करतात, त्यांत लिहितात, त्या कापतात व पुसतात. परंतु ह्या फाइलींचे ब्लॉक बहुधा कोणाबरोबर वाटलेले नसतात. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे येते, आणि पुढची चारही पावले कधी पडतच नाहीत. मुद्दाम प्रती करून त्यांवर लिहिणाऱ्या चाचण्या असतात खऱ्या. परंतु त्या ज्या प्रसंगांची कल्पना कोणास सुचली, त्यांचीच परीक्षा घेतात. नित्याच्या शेकडो चाचण्यांत जी विविधता आहे ती ह्या आडवाटेच्या वाट्यास येत नाही.

ह्यावर एक सरळ उपाय सुचतो. आडवाटेकरिता नव्या चाचण्या लिहीत बसण्यापेक्षा, सगळ्या जुन्या चाचण्याच आडवाटेने पाठवाव्यात. वाटेकरी असोत वा नसोत, प्रत्येक लेखनाच्या वेळी ‘नक्कल कर’ असे व्यवस्थेस सांगणारी एक कळ बसवावी. फेब्रुवारी २०१९ च्या सुमारास क्रिस्टोफ हेलविग ह्यांनी एक्सएफएसमध्ये नेमकी अशीच कळ घातली. लिनक्सच्या ५.१ ह्या आवृत्तीत ती आली. तिचे नाव ‘ऑलवेज-काउ’, म्हणजे ‘सदैव नक्कल’, असे आहे. ती लावली असता एक्सएफएस फाइलीतील मजकूर कधीही जागच्या जागी बदलत नाही. नकाशे, नोंदवह्या इत्यादी व्यवस्थेच्या स्वतःच्या लेखनाची पद्धत मात्र पूर्वीचीच राहते. कळीचा संबंध मजकुराशी आहे.

कळीच्या रचनेतील पथ्ये

दोषशोधनाची कळ बसविणे हे काम वाटते तितके सोपे नाही. कळ चुकीची बसविली, तर ती नसलेले दोष दाखविते आणि असलेले झाकते. ‘सदैव नक्कल’ ह्या कळीच्या रचनेत जे निर्णय घेतले गेले, त्यांवरून अशा साधनांची सामान्य पथ्ये समजून घेता येतात.

पहिले पथ्य असे की, कळीने निवड बदलावी, कृती बदलू नये. कळ लावल्यावर ‘नक्कल करावयाची काय?’ ह्या प्रश्नाचे उत्तर तेवढे बदलते. नक्कल करण्याची पुढील आज्ञावली तीच असते, जी वाटेकरी असताना चालते. चाचणीकरिता नकलेची निराळी आज्ञावली लिहिली असती, तर त्या निराळ्या आज्ञावलीचीच परीक्षा झाली असती, आणि खरी तशीच अपरीक्षित राहिली असती. शिवाय फाइल वाचणाऱ्यास मिळणारा मजकूर कळ लावली असता व नसता सारखाच असला पाहिजे. कळ फिरविल्याने वाट बदलावी, मुक्काम बदलू नये.

दुसरे पथ्य कळीच्या व्याप्तीविषयी आहे. ही कळ प्रत्येक डिस्ककरिता स्वतंत्र ठेवता आली असती. परंतु ती सर्व एक्सएफएस व्यवस्थांस एकदम लागू होईल अशी ठेवण्यात आली. चाचण्यांचा मोठा संच एकामागून एक नव्या फाइल-व्यवस्था निर्माण करतो, जोडतो व मोडतो. प्रत्येक वेळी कळ नव्याने लावावयाची तर प्रत्येक चाचणी बदलावी लागली असती. सामाईक कळीमुळे सगळा संच तसाच्या तसा चालविता येतो. साधन वापरण्यास जितके कष्टाचे, तितका त्याचा वापर कमी, हे तत्त्व येथे ध्यानात घेतलेले दिसते.

तिसरे पथ्य असे की, कळीचा अंमल कामाच्या मध्येच बदलू नये. फाइल-व्यवस्था जोडताना कळीची स्थिती एकदाच पाहिली जाते, आणि ती सुटेपर्यंत तीच कायम राहते. एक लेखन एका नियमाने आणि दुसरे दुसऱ्या नियमाने झाले असते, तर सापडलेला दोष आज्ञावलीतला की कळ फिरविल्यामुळे उद्भवलेला, हे सांगणे कठीण झाले असते.

चौथे पथ्य प्रामाणिकपणाचे आहे. कळ लागलेली असता व्यवस्था यंत्राच्या रोजनिशीत तशी स्पष्ट नोंद करते, आणि ही दोषशोधनापुरतीच रीत आहे असेही तीत म्हणते. पुढे कोणी ती रोजनिशी वाचली, तर त्या दिवशीचे विचित्र वर्तन कशामुळे झाले हे त्यास समजते. तसेच ही कळ दोषशोधनाकरिता मुद्दाम बांधलेल्या आज्ञावलीतच सापडते. सामान्य ग्राहकाच्या यंत्रात ती नसते, त्यामुळे अजाणता लागण्याचे भयही नसते.

पाचवे पथ्य सर्वांत महत्त्वाचे आहे. जे वचन पाळता येणार नाही ते देऊ नये. फाइल-व्यवस्थेकडे आगाऊ जागा राखून ठेवण्याची मागणी करता येते. अशी जागा राखली म्हणजे पुढे तेथे लिहिताना ‘जागा शिल्लक नाही’ असे उत्तर येणार नाही, असे वचन त्यात गर्भित असते. परंतु प्रत्येक लेखन नव्या जागीच व्हावयाचे असेल, तर राखलेल्या जागेचा उपयोग काय? म्हणून ‘सदैव नक्कल’ कळ लागलेली असता एक्सएफएस अशी साधी आगाऊ मागणी मान्य करीत नाही. ही सोय उपलब्ध नाही असे ती स्पष्ट सांगते. मागणी मान्य केल्याचे भासवून पुढे ऐन वेळी हात वर करणे हे अधिक वाईट झाले असते.

चाचणी नापास झाली म्हणजे काय समजावे?

कळ लावून चाचण्यांचा संच चालविला असता काही चाचण्या नापास होतात. येथे नवख्या परीक्षकाचा गोंधळ होण्याचा संभव असतो. नापास झालेली प्रत्येक चाचणी दोष दाखविते असे नाही. हेलविग ह्यांनी कळ सादर करताना तिच्याबरोबर अशा चाचण्यांची यादी व प्रत्येकीचे कारण दिले होते. दोषशोधनाच्या साधनाबरोबर ते साधन कोठे फसवे उत्तर देते ह्याचीही माहिती द्यावी, ह्याचा तो चांगला नमुना होय.

त्या यादीतील काही चाचण्या फाइलीचे किती तुकडे झाले हे मोजत होत्या. प्रत्येक लेखन नव्या जागी गेल्यावर फाइल विखुरली जाणारच. तेव्हा ‘फार तुकडे झाले’ ही तक्रार अपेक्षितच होती. दुसरी एक चाचणी, क्रमांक २०५, जुन्या मजकुरावर पुन्हा लिहिण्यास नवी जागा लागत नाही असे गृहीत धरीत होती. हे गृहीतकच ह्या कळीने मोडले, तेव्हा चाचणी नापास झाली ती गृहीतकामुळे. मात्र नकाशातील एखादा ब्लॉक मोकळ्या यादीतही सापडला, किंवा वाचलेला मजकूर लिहिलेल्या मजकुराहून निराळा निघाला, तर त्यास कोणतेही गृहीतक जबाबदार धरता येणार नाही. तो दोषच होय. परीक्षकाने स्वतःस विचारावयाचा प्रश्न असा: चाचणीने जे मागितले ते वापरणाऱ्यास दिलेले वचन होते, की केवळ नेहमीची सवय होती? वचन मोडले असेल तर दोष. सवय मोडली असेल तर नाही.

आणखी दोन साधने

‘सदैव नक्कल’ कळीने आडवाट वर्दळीची होते. परंतु वाटेवर अपघात झाला असता काय होते, हे तिने कळत नाही. त्याकरिता अन्य साधने आहेत.

पहिले साधन म्हणजे कृत्रिम अपयश. एक्सएफएसच्या आज्ञावलीत ठरावीक ठिकाणी खुणा केलेल्या आहेत. परीक्षक एखादी खूण निवडतो आणि तिच्याकरिता एक आकडा देतो. आकडा १० असेल, तर आज्ञावली त्या खुणेपाशी आली असता सरासरी दहांतून एकदा ते पाऊल फसल्याचे नाटक करते. आकडा १ असेल तर प्रत्येक वेळी फसते. वाटेकऱ्यांची संख्या बदलण्याच्या पावलावरही अशी खूण आहे. पाचवे पाऊल अर्ध्यावर असताना काम थांबले, तर पुढील वेळी फाइल-व्यवस्था जोडताना ते पूर्ण होते की नाही, हे ह्या रीतीने पाहता येते. एक्सएफएस असे मोठे काम आरंभण्यापूर्वी ‘हे करावयाचे आहे’ अशी संकल्प-नोंद आपल्या रोजनाम्यात करते. अपघातानंतर ती नोंद वाचून उरलेले काम पुरे होणे अपेक्षित असते.

दुसरे साधन म्हणजे लेखनक्रमाची नोंद. लिनक्सच्या ४.१ ह्या २०१५ सालच्या आवृत्तीत अशी एक योजना आली की, डिस्कवर जाणारे प्रत्येक लेखन त्याच क्रमाने दुसऱ्या डिस्कवरही टिपले जाते. नंतर ही नोंद आरंभापासून हव्या त्या बिंदूपर्यंत पुन्हा चालविता येते. अमुक एका क्षणी वीज गेली असती तर डिस्कवर काय उरले असते, हे प्रत्यक्ष वीज न तोडता समजते. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आकस्मिक बंद पडण्याशी संबंधित दोषांची पद्धतशीर तपासणी केली. पूर्वी ज्ञात असलेले बहुतेक दोष नव्या, रिकाम्या फाइल-व्यवस्थेवर तीन किंवा त्याहूनही कमी क्रिया केल्याने पुन्हा घडवून आणता येतात, असे त्यांस आढळले. जुन्या व प्रचलित व्यवस्थांत त्यांनी दहा नवे दोषही शोधून काढले. दोष शोधण्यास प्रचंड कामाचा भार लागतो ही समजूत त्यामुळे चुकीची ठरली. योग्य ठिकाणी थांबून पाहणे अधिक फलदायी असते.

कळीचे उत्तर कसे वाचावे?

ऑक्टोबर २०२३ मध्ये झेडएफएसच्या खुल्या परंपरेतील २.२.० ही आवृत्ती निघाली. तीत ब्लॉक वाटून प्रत करण्याची नवी सोय होती. नोव्हेंबरमध्ये काही वापरकर्त्यांस प्रत केलेल्या फाइलींत मजकुराऐवजी शून्यांचे पट्टे आढळले. संशय साहजिकच नव्या सोयीवर गेला. २.२.१ ह्या आवृत्तीत ती सोय कळीने बंद ठेवण्यात आली. परंतु सोय बंद असतानाही, आणि ती मुळी नसलेल्या जुन्या आवृत्तींतही, तोच दोष पुन्हा घडविता आला.

खरे कारण निराळे निघाले. फाइलीचे कोणते भाग कोरे आहेत असे प्रत करणारी आज्ञावली व्यवस्थेस विचारते, आणि कोरे भाग वगळून पुढे जाते. नुकताच लिहिलेला, परंतु डिस्कवर अद्याप न पोहोचलेला मजकूर असता, हे उत्तर देणारी तपासणी अपुरी पडत होती. भरलेला भाग ‘कोरा’ म्हणून सांगितला जात होता. मूळ फाइल शाबूत असे. बिघडत असे ती प्रत. महिनाअखेरीस निघालेल्या २.२.२ व २.१.१४ ह्या आवृत्तींत ही तपासणी सुधारण्यात आली.

ह्या प्रसंगात कळीने मोठी कामगिरी केली, ती नकारार्थी उत्तर देऊन. कळ बंद करूनही दोष टिकला, तेव्हा दोषाचे मूळ तेथे नव्हते हे सिद्ध झाले. ह्याच्या उलट, कळ बंद केल्यावर दोष दिसेनासा झाला म्हणजे तो त्याच भागात होता असे लगेच म्हणता येत नाही. कळीमुळे क्रियांचा वेग व क्रम बदलतो, आणि केवळ तेवढ्यानेही एखादा दोष काही काळ झाकला जाऊ शकतो. म्हणून कारण समजेपर्यंत आणि दोष हवा तेव्हा घडविता येईपर्यंत शोध संपला असे मानू नये.

कागदावरील प्रयोग

हा विषय वर्गात संगणकावाचूनही तपासून पाहता येतो. आठ चिठ्ठ्या घेऊन त्यांस १ ते ८ क्रमांक द्यावेत. ह्या चिठ्ठ्या म्हणजे ब्लॉक. ‘क’ आणि ‘ख’ ह्या दोन फाइलींचे नकाशे कागदावर लिहावेत. दोहोंत १, २, ३ हेच क्रमांक असावेत. वाटेकऱ्यांच्या वहीत तिन्ही ब्लॉकांसमोर २ हा आकडा लिहावा. सोयीकरिता एकच धनी असलेले ब्लॉकही ह्या वहीत नोंदवावेत. वहीतील आकड्यांची बेरीज ६ होते, आणि दोन्ही नकाशांतील एकूण नोंदीही ६ च आहेत. ही समानता कधीही मोडता कामा नये.

आता ‘ख’च्या दुसऱ्या ब्लॉकातील मजकूर बदलावा. नवा मजकूर चिठ्ठी ४ वर लिहावा, मग ‘ख’चा नकाशा १, ४, ३ असा करावा, मग वहीत २ समोर १ आणि ४ समोर १ असे लिहावे. बेरीज २ + १ + २ + १, म्हणजे पुन्हा ६ येते. ह्यानंतर ‘क’चा दुसरा ब्लॉक बदलावा. चिठ्ठी २ चा धनी आता एकटा ‘क’ आहे; म्हणून सामान्य रीतीने तेथेच लेखन होईल. ‘सदैव नक्कल’ कळ लागलेली आहे असे मानल्यास मजकूर चिठ्ठी ५ वर जाईल, आणि २ मोकळी होईल. दोन्ही रीतींनी ‘क’ वाचून पाहावा. मजकूर एकच आला पाहिजे.

शेवटी एका विद्यार्थ्याने कोणत्याही क्षणी ‘वीज गेली’ असे म्हणावे, आणि सर्वांनी हात थांबवावेत. मजकूर ४ वर लिहून झाला आहे, पण नकाशा बदललेला नाही, अशा वेळी वीज गेली तर ‘ख’ जुन्या स्थितीत सुखरूप सापडेल. फक्त चिठ्ठी ४ परत घ्यावी लागेल. नकाशा आधी बदलला असेल, तर ‘ख’ कोऱ्या चिठ्ठीकडे बोट दाखवील. पावलांच्या क्रमास इतके महत्त्व का, हे ह्यावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल.

प्रत्यक्ष व्यवहारातही ह्याच हिशेबाचा आधार घेतात. एक्सएफएसची दुरुस्ती करणारी आज्ञावली सर्व फाइलींच्या नकाशांवरून वाटेकऱ्यांची संख्या स्वतंत्रपणे मोजते, आणि वहीतील आकड्यांशी ती ताडून पाहते. चाचणीनंतर मजकूर बरोबर आला एवढ्यावर न थांबता हा हिशेबही तपासावा लागतो, कारण संख्येतील चूक आज निरुपद्रवी दिसली तरी तिचे फळ पुढे केव्हा तरी दुसऱ्याच फाइलीस भोगावे लागते.

उपसंहार

‘सदैव नक्कल’ कळ आणताना तिचा आणखी एक उद्देश सांगितला गेला होता. काही नव्या साठवण-साधनांत जागेचे मोठे पट्टे असतात. त्यांत ओळीनेच लिहावे लागते, आणि पट्टा पूर्ण मोकळा केल्यावाचून जुन्या जागी पुन्हा लिहिता येत नाही. अशा साधनांवर नव्या जागी लिहिणे हाच एकमेव मार्ग असतो. त्या दिशेची पायाभरणी ह्या कळीने होईल असे तेव्हा म्हटले होते. मे २०२५ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या ६.१५ ह्या आवृत्तीत एक्सएफएसला अशा साधनांवर चालण्याची सोय मिळाली. परीक्षेकरिता जी वाट मुद्दाम तुडविली गेली, ती पुढे काही यंत्रांकरिता नित्याचा रस्ता झाली.

फाइल वापरणाऱ्यास ह्यांतील काहीच दिसत नाही. काल लिहिलेले आज तसेच वाचावयास मिळावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पुरी होण्यासाठी क्वचित चालणारी प्रत्येक वाट कोणी तरी आधी जाणीवपूर्वक चालून पाहिलेली असावी लागते, आणि चालताना काय आढळले हे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलेले असावे लागते.